पदर उलटून पाहा

दिवाळी जवळ आली की आपल्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. सुपारी हनुमानाच्या चौकापासून तिलकपथ, पैठण गेट, औरंगपुऱ्यापर्यंत माणसांचा लोंढा वाहत असतो आणि दुकानादुकानांवर सेलचे फलक लागलेले असतात. एवढ्या रेटारेटीतही पैठणी घ्यायला बसलेलं जाणतं गिऱ्हाईक एक गोष्ट चुकवत नाही. दुकानदार किती टक्के कमी केले ते सांगत असतो, तोवर इकडे हात पदराखाली गेलेला असतो आणि पदर उलटा झालेला असतो. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही तसाच दिसतो, कारण तिथे प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच गुंफलेला असतो. यंत्रावरच्या नकलेच्या पाठीवर सुटलेल्या, कापलेल्या धाग्यांचं जाळं दिसतं. दुकानदाराचा सवलतीचा आकडा खरा असेलही. पण तो भावाबद्दल बोलतो. माल कसा आहे ते पदराची पाठ सांगते.

हीच पारख संगणकावरच्या सेलमध्ये मात्र विसरली जाते. स्टीम किंवा जीओजी या दुकानांचे उन्हाळी-हिवाळी सेल लागले की जुने, नावाजलेले ॲडव्हेंचर गेम मूळ किमतीच्या पाव भावात, कधी त्याहूनही स्वस्त मिळू लागतात. मग ठरलेला सल्ला कानावर येतो: एवढ्या स्वस्तात एकेक काय निवडत बसायचं? क्लासिक म्हणून नाव झालेले सगळे उचला, बंडलच घ्या, कधीतरी खेळून होतील. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्यांचं या गेमवर प्रेमही असतं. तरीही सल्ला चुकीचा आहे, आणि नव्याने या प्रकाराकडे वळणाऱ्याचं तो नुकसान करतो. काल गाजलं ते आज खेळण्याजोगं असतंच, स्वस्त घेतलं की तोटा होतच नाही आणि निवड नंतरही करता येते, अशी तीन गृहीतकं त्यामागे आहेत. तिन्ही टिकत नाहीत. ॲडव्हेंचर गेम निवडताना पाहायचं ते एवढंच, की गेम रचणाऱ्याने खेळणाऱ्याशी इमान राखलं आहे का. ते सवलतीच्या आकड्यावरून कळत नाही आणि प्रसिद्धीवरूनही कळत नाही.

इमानाची गोष्ट याच प्रकारात एवढी महत्त्वाची का, हे त्याच्या जन्मापासून पाहावं लागेल. विल क्राउथर हा अमेरिकन प्रोग्रॅमर गुहा धुंडाळणारा होता. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहांच्या आधाराने त्याने 1970च्या दशकाच्या मध्याला निव्वळ शब्दांतला एक गेम लिहिला. 1977 मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्याचं नाव ‘ॲडव्हेंचर’, आणि त्यावरूनच पुढच्या साऱ्या प्रकाराला हे नाव पडलं. अजिंठा-वेरूळ उशाशी असलेल्या माणसाला यातलं मर्म लगेच कळेल. अनोळखी लेण्यात शिरताना पुढच्या दालनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. ज्याने ते कोरलं त्याच्या शहाणपणावर भरवसा ठेवून आपण पाऊल टाकतो. ॲडव्हेंचर गेममध्ये बोटांची चपळाई लागत नाही, गोळीबाराचा सराव लागत नाही. पाहायचं, वस्तू गोळा करायच्या, माणसांशी बोलायचं आणि विचार करून कोडं सोडवायचं. म्हणजे गिऱ्हाईक इथे दुसऱ्या माणसाने रचलेली विचारांची वाट विकत घेतं. ती वाट प्रामाणिक नसेल, तर चित्रं कितीही देखणी आणि संगीत कितीही गोड असो, मालच खोटा.

खोट कशी असते ते एका प्रसिद्ध गेममध्ये पाहू. सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट 5’ 1990 मध्ये आला. हाताने रंगवलेली त्याची दृश्यं आजही डोळ्यांत भरतात, आणि क्लासिकच्या याद्यांत या मालिकेचं नाव हटकून असतं. यात गावातल्या बेकरीतून राजा ग्रॅहम एक पाय विकत घेतो. पाय म्हणजे मऊ सारण भरलेला गोड पदार्थ. पुढे बर्फाळ डोंगरात त्याला भूक लागते. जवळ खाण्याचा पदार्थ असेल तर खाणारा तो खाईलच. पण त्या भुकेला तो पाय खाल्ला की गेम संपला, फक्त ते तुम्हाला सांगितलं जात नाही. थोडं पुढे एक हिममानव आडवा येतो, त्याच्या तोंडावर फेकायला तोच पाय हवा असतो, आणि डोंगर चढून आल्यावर बेकरीकडे परतायची वाट बंद झालेली असते. गावातच आणखी एक फास आहे. तिथे एक मांजर उंदराच्या मागे लागलेलं क्षणभर दिसतं. त्या क्षणी मांजराला काही फेकून मारलं नाही, तर बऱ्याच वेळाने तळघरात हातपाय बांधलेल्या अवस्थेत दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही, आणि आपण तिथेच अडकून संपतो. उंदीर वाचवण्याचा आणि तळघराचा संबंध आधी कळण्याची काहीच सोय नाही. चूक केली हे न कळताच तास न् तास पुढे खेळत राहायचं आणि मग भिंतीवर डोकं आपटायचं. याला कोडं म्हणता येत नाही.

हा दोष त्या काळातल्या जाणत्यांनाही दिसत होता, ही या वादातली फार मोलाची साक्ष आहे. लुकासफिल्म गेम्समध्ये काम करणाऱ्या रॉन गिल्बर्टने 1989 मध्ये एक लेख लिहून ॲडव्हेंचर गेम कुठे फसतात ते रोखठोक मांडलं. मरून पाहिल्याशिवाय उत्तर कळत नाही अशी रचना नको. आधी उचलायची राहिलेली वस्तू पुढे अडवून धरेल आणि मागे जाता येणार नाही, असं नको. कोडं सुटल्यावर खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं. त्याच सुमारास तो ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ रचत होता. 1990 मध्ये आलेल्या त्या गेममध्ये हे नियम पाळलेले दिसतात. चुकून कायमचं अडकणं नाही, पावलोपावली मरण नाही. तरीही कोडी सोपी नाहीत. ‘किंग्ज क्वेस्ट 5’ आणि ‘मंकी आयलंड’ एकाच वर्षातले. दोन्ही क्लासिक, दोन्ही नावाजलेले, दोन्ही सेलमध्ये शेजारी शेजारी मांडलेले. पाठ उलटली की एकीकडे गुंफलेला धागा दिसतो आणि दुसरीकडे सुटलेला. ‘क्लासिक आहे, घेऊन टाका’ म्हणणारा हा फरक पुसून टाकतो, आणि पहिला हात चुकीच्या गेमवर पडलेला नवखा माणूस हा सगळा प्रकारच आपल्यासाठी नाही असं ठरवून मोकळा होतो.

यावर पहिली हरकत येते ती कठीणपणाची. जुने गेम अवघड होते, त्यातच त्यांची मजा होती, आजच्यांना सगळं आयतं हवं, असं म्हटलं जातं. अवघडपणाबद्दल माझं दुमत नाही. अवघड कोडं ही या प्रकाराची शान आहे. पण अवघड वेगळं आणि अन्यायाचं वेगळं. उखाण्याचं उत्तर कळलं की ऐकणारा कपाळावर हात मारतो, कारण खुणा सगळ्या समोरच होत्या. उत्तर कळूनही खूण सापडत नसेल तर तो उखाणा नाही, फसवणूक आहे. 1999 मधल्या ‘गेब्रियल नाइट 3’ मध्ये भाड्याची मोटारसायकल मिळवण्यासाठी नायकाला मित्राचं सोंग घ्यावं लागतं. त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर गोळा करून, सिरपने चिकटवून मिशी करायची. आणि ज्या मित्राचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशीच नाही! एरिक वोल्पॉ या समीक्षकाने 2000 मध्ये याच कोड्याची चिरफाड करून, ॲडव्हेंचर गेम कुणी मारले नाहीत, ते स्वतःच मेले, असं मत मांडलं होतं. शिवाय त्या काळच्या कठीणपणाला व्यापाराचंही अस्तर होतं. महागड्या खोक्यातला गेम दोन दिवसांत संपला तर गिऱ्हाईक नाराज होणार. अडकला तर उत्तरांची पुस्तिका वेगळी विकता येणार. कंपन्या अशा पुस्तिका विकत होत्या, मदतीच्या फोनसेवाही चालवत होत्या. तेव्हा जुना कठीणपणा सगळाच कलेपोटी आला असं समजून त्याची पूजा करण्याचं कारण नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. हे गेम इतिहास आहेत. दोषांसकट पाहिल्याशिवाय तो कळणार कसा? ही हरकत मला मान्य आहे, आणि तिचं उत्तरही आपल्याच शहराच्या कापडात आहे. हिमरू घ्या. सुती ताणा, रेशमी बाणा, आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे सुटलेले. पैठणीची कसोटी लावून कुणी हिमरूला खोटा ठरवला तर विणकर हसेल. ती पाठ हा त्या कापडाचा स्वभाव आहे. त्या मोकळ्या धाग्यांनीच शालीला ऊब येते. पाठ पाहायची ती प्रत्येक कापडाकडून एकच उत्तर मिळावं म्हणून नाही, तर आपण काय घेतो आहोत ते कळून घ्यावं म्हणून. 1984 चा ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ हा शब्दांतला गेमही खेळणाऱ्याला दगा देतो. सुरुवातीला रस्त्यावरच्या कुत्र्याला सँडविच दिलं नाही तर फार पुढे जाऊन सगळं फसतं. पण तिथे दगाबाजी हाच विनोदाचा पोत आहे, आणि गेम ती लपवत नाही. ज्याला इतिहास पाहायचा आहे त्याने असा गेम जरूर घ्यावा. सिएराचाही एखादा घ्यावा, शेजारी वही ठेवावी, दर टप्प्यावर वेगळा सेव्ह करून ठेवावा. मात्र ही जाणून केलेली खरेदी झाली. यातून दहा गेमचं बंडल डोळे मिटून घ्यावं असं निघत नाही. इतिहासाचा अभ्यासक तर सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक असायला हवा.

आता एक कसोटी अशी, जी अमेरिकेत किंवा युरोपात बसून तयार झालेल्या याद्या कधीच लावणार नाहीत. ती आपल्यालाच लावावी लागेल. ती भाषेची. ज्या ‘मंकी आयलंड’चं वर कौतुक केलं, त्यात तलवारीचं द्वंद्व शब्दांनी जिंकायचं असतं: समोरच्याने इंग्रजीत टोमणा मारला की त्याला नेमका बसणारा इंग्रजी प्रतिटोला निवडायचा. इंग्रजी मुरलेल्याला यात बहार आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी समजणाऱ्या पण त्यातल्या खोचा न जाणवणाऱ्या हुशार मुलाला इथे घाम फुटेल, आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नसेल. 1991 च्या दुसऱ्या भागात तर एक कोडं असं आहे की नळ फिरवायला संमोहित केलेलं माकड पान्ह्यासारखं वापरायचं. का? तर अमेरिकन इंग्रजीत एका जातीच्या पान्ह्याच्या नावात माकड आहे. इंग्लंडमध्ये तो शब्द रुळलेला नसल्याने तिथले खेळाडूही या कोड्यावर अडले. आपल्याकडे गॅरेजमधला पोऱ्यासुद्धा पान्ह्याला पान्हाच म्हणतो. त्याच्या डोक्यात माकड कुठून येणार? मराठीत या गेमचं अधिकृत भाषांतर नाही. म्हणजे प्रामाणिक म्हणून ठरलेला गेमसुद्धा एखाद्या खेळणाऱ्याशी इमान राखेल आणि दुसऱ्याशी राखणार नाही. मग सगळ्यांसाठी एकच ‘घ्यायलाच हवेत’ अशी यादी कशी चालेल? त्या खेळणाऱ्याला चेक कलाकारांच्या अमनिता डिझाइनचा ‘मशिनेरियम’ (2009) देऊन पाहा. त्यात पात्रं शब्दांनी बोलतच नाहीत; डोक्यावर उमटणाऱ्या चित्रांतून गोष्ट उलगडते. प्रतिष्ठेच्या यादीत तो ‘मंकी आयलंड’च्या खाली असेल, पण या माणसासाठी खरा माल तोच.

मग म्हणतात, नवी सुधारित आवृत्ती घ्या, तीच महाग असते म्हणजे तीच चांगली. इथेही फलक आणि माल वेगळे निघू शकतात. वेस्टवूडचा ‘ब्लेड रनर’ हा 1997 चा गेम 2022 मध्ये ‘एन्हान्स्ड’ म्हणून नव्याने आला. मूळ चित्रांतली धूसर, पावसाळी जादू त्यात विस्कटली अशी टीका सर्वत्र झाली. जीओजीवरून मूळ आवृत्ती स्वतंत्रपणे विकायची थांबवली होती, ती ओरड झाल्यावर परत आणावी लागली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. उलट ‘डे ऑफ द टेंटॅकल’ हा 1993 चा गेम 2016 मध्ये नव्याने केला, तेव्हा एक कळ दाबली की जुनी चित्रं परत दिसतात, अशी सोय ठेवली. शिवाय त्याच्या आत एका पात्राच्या खोलीतल्या संगणकावर 1987 चा ‘मॅनियक मॅन्शन’ अख्खा खेळता येतो. इथे सुधारणाऱ्याने स्वतःच पदर उलटून दाखवला आहे. दोन्ही आवृत्त्यांवर ‘सुधारित’ हाच शब्द आहे. शब्दावरून निवडणाऱ्याला यातला फरक कळणार नाही; पाहून निवडणाऱ्याला दहा मिनिटांत कळेल.

आता स्वस्ताईकडे वळू, कारण या सल्ल्याचा सगळा भार तिच्यावर आहे. गेम फुकटाच्या भावात आहेत, नाही आवडला तर गेले शे-दोनशे रुपये, असा हिशेब मांडतात. पण ॲडव्हेंचर गेमची खरी किंमत रुपयांत नसतेच, ती तासांत असते. साध्या अंदाजाने एका गेमला दहा तास धरा. वीस गेमचं बंडल म्हणजे दोनशे तास. नोकरी-धंदा सांभाळून दर रविवारी एक तास मिळाला तर ते संपवायला जवळजवळ चार वर्षं लागतील. त्यातले निम्मे गेम वर सांगितलेल्या जातीचे निघाले तर दोन वर्षं वाया. आणि प्रत्यक्षात ती दोन वर्षं कुणी देतच नाही. दोन गेममध्ये अडकला की माणूस उरलेले अठरा उघडतही नाही. 1990च्या दशकात बाजाराबाजारांत टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेट मिळत, त्यांवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. घरी लावून पाहावं तर मोजके गेम, तेच पुन्हा पुन्हा, कुठे नाव बदललेलं, कुठे सुरुवातीची पायरी बदललेली. त्या आकड्याने पोरांना फसवलं म्हणून आपण त्या कॅसेटवाल्यांना नावं ठेवली. आज आपण स्वतःच लायब्ररीतल्या गेमचा आकडा फुगवतो, हे त्याहून बरं कसं?

सेल संपेल ही भीतीही खोटी आहे. लग्नसराईत आवडलेली साडी उद्या दुकानात असेलच असं नाही. तो एकच नग असू शकतो. संगणकावरच्या गेमचा साठा संपत नाही, आणि जुन्या गेमवरची सवलत वर्षातून अनेकदा फिरून येते. म्हणजे जिथे घाई करायला थोडं तरी कारण आहे तिथे आपण सावकाश पदर तपासतो, आणि जिथे घाईला कारणच नाही तिथे बटण दाबून मोकळे होतो. यापेक्षा उलटा व्यवहार कोणता? एक नियम पुरेसा आहे: हातातला गेम संपल्याशिवाय, किंवा विचार करून सोडल्याशिवाय, दुसरा घ्यायचा नाही. सेल आपली वाट पाहील.

अडलं तर वॉकथ्रू, म्हणजे पायरीपायरीने उत्तरं सांगणारी टिपणं, आहेतच, मग निवडीची एवढी चिंता कशाला, असंही विचारलं जातं. वॉकथ्रू ही अडल्यानंतरची काठी आहे. पहिल्या पावलापासून काठी लागणार असेल तर चालण्यात काय राहिलं? जो गेम वॉकथ्रूशिवाय पुढे सरकतच नाही, त्यात रचणाऱ्याने खेळणाऱ्याचा भाग काढून घेतला आहे. मग तो गेम न घेता त्याची गोष्ट वाचलेली बरी. दुसरे म्हणतात, विकत कशाला, इंटरनेटवर जुने गेम ‘सोडून दिलेले’ म्हणून फुकट मिळतात. बहुतेकदा ते खरं नसतं. गेम जुना झाला म्हणून त्याचा मालकी हक्क संपत नाही. सिएराचे हक्क हस्तांतरित होत होत आज मायक्रोसॉफ्टकडे आहेत, लुकासफिल्म गेम्सचे डिस्नीकडे. पण रीतसर फुकट मिळणारे चांगले गेम आहेत, आणि त्यांच्याबद्दल हे सल्लागार फारसं बोलत नाहीत, कारण त्यांवर सवलतीचा आकडा लिहिता येत नाही. रेव्होल्यूशन या ब्रिटिश कंपनीने 1994 चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ 2003 मध्ये स्वखुशीने फुकट केला. जुने गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या स्कमव्हीएम या मोफत प्रणालीवर तो सुरळीत चालतो. हा प्रकार आपल्याला रुचतो का, हे पाहायला एक रुपयाही खर्च करायची गरज नाही. आधी हा खेळा; गोडी लागली तर मग सेलकडे वळा.

आणि वळाल तेव्हा विकत काय मिळतं तेही पाहा. 2024 पासून स्टीम पैसे भरण्याच्या पानावरच सांगतं की तुम्ही गेम वापरण्याचा परवाना घेता आहात. जीओजी गेमची फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवू देतं आणि ती कुलपाशिवाय चालते. पसंत पडला नाही तर परत करण्याच्या अटीही वेगळ्या आहेत: स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, जीओजीवर गेम खेळून झाला असला तरी 30 दिवसांपर्यंत. पन्नास गेम एका दमात घेणाऱ्याला या मुदतीचा काही उपयोग नाही, कारण तो त्या मुदतीत त्यातले तीनसुद्धा उघडणार नाही. एक घेणाऱ्याला मात्र हीच मुदत पदर उलटून पाहायची संधी आहे. पहिल्या तासाभरात गेमने नियम शिकवला का, चूक केली तर का चुकलं ते कळलं का, भाषा अंगावर येते की सोबत चालते, एवढं तपासलं तरी पुरे.

ही पारख लावून एक गेम निवडायचा झाला तर या गावाला मी ‘लूम’ सुचवीन. लूम म्हणजे माग. ब्रायन मोरिआर्टीने रचलेला हा गेमही 1990 चाच. विणकरांच्या संघातला बॉबिन थ्रेडबेअर हा पोरगा त्याचा नायक, आणि त्याच्या हातात सूत कातण्याची एक काठी एवढंच साधन. चार सुरांची एकेक धून कानावर पडेल तशी शिकायची, वहीत टिपून ठेवायची आणि वाजवायची. धून म्हणजेच वीण, आणि विणीने जग बदलतं. एका धुनेने वस्तू उघडते, एकीने रंगते. बऱ्याच धुना उलट क्रमाने वाजवल्या की परिणामही उलटा होतो. गवताचं सोनं होताना सुरुवातीच्या बेटावर दिसतं. ती धून टिपून घेतलेली असते. बरंच पुढे, सोन्याच्या राशीवर बसलेल्या ड्रॅगनच्या गुहेत गेल्यावर खेळणाऱ्याला आपोआप सुचतं की ही उलटी वाजवली तर? सोन्याचं गवत होतं आणि वाट निघते. तिथे कुणी काही सांगितलेलं नसतं, पण सगळं आधीच शिकवलेलं असतं. या गेममध्ये मरण नाही, कायमचं अडकणं नाही, आणि तो काही तासांत संपतो. छोटा आहे म्हणून त्या काळी त्याला नावंही ठेवली गेली. त्यातही पाठ आहेच: दुकानांत मिळते ती नंतरच्या सीडीची, बोलक्या आवाजांची आवृत्ती, आणि तिच्यात मूळचे काही संवाद गाळलेले आहेत. हे माहीत असून घेतला तरी तो खरा आहे.

‘सगळे घेऊन टाका’ म्हणणाऱ्यांना शेवटी एवढंच सांगायचं आहे. तुम्हाला हे गेम जगावेत असं वाटतं, मलाही वाटतं. पण न उघडलेल्या गेमने काही जगत नाही. गुलमंडीजवळच्या रंगारगल्लीत राहणारं एखादं पोरगं ‘लूम’मध्ये मेंढ्या हिरव्या रंगवून ड्रॅगनला चकवेल आणि मग शेजारच्या मित्राला त्या चार सुरांची धून गुणगुणून दाखवेल, तेव्हा हा प्रकार आपल्या गावात एका घराने वाढेल. त्याला पन्नास गेमची लायब्ररी देऊ नका. पाठ उलटून पाहिलेला एक गेम द्या, सोबत एक वही आणि पेन्सिल द्या, आणि तो संपेपर्यंत पुढच्या सेलचं नाव काढू नका.